मार्चमधलं दव

राखेच्या बुधवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, दाढी करता करता, माझ्या वडिलांनी मला सांगितलं की त्यांना लग्न करायचं आहे. वय वर्षं एकोणसत्तर. मी शाळेचा डबा भरत होते. भेंडीची अर्धी भाजी डब्यात पडली आणि अर्धी ओट्यावर.

"कोनाचं लग्न?" मी विचारलं.

"माह्यं," बाबा आरशाकडे बघत म्हणाले. "प्रभूनं मनात घातलं."

आता आमच्या मेहकरच्या मंडळीत या वाक्यावर अपील चालत नाही. आम्ही इथं ख्रिस्ती घरं सगळी मिळून पस्तीस-चाळीस. एकमेकांची उणीदुणी तोंडपाठ, त्यामुळे अवघड गोष्ट असली की प्रत्येक जण ती प्रभूच्या नावानं सांगतो. मुलगी पसंत पडली नाही, तर 'प्रभूनं मनात घातलं नाही.' पेटी वाजवणाऱ्याचं गाणाऱ्यांशी वाजलं, तर 'सेवा थांबवायचं प्रभूनं मनात घातलं.' मंडळीच्या सहलीचा स्वयंपाक मी स्वतः एकदा याच वाक्यावर टाळला आहे. बाबांनी तर पहिल्याच डावात हुकमाचा एक्का टाकला, त्यामुळे माझं डोकंच फिरलं.

बाई साखरखेर्ड्याच्या होत्या. निवृत्त नर्स, विधवा, बासष्ट वर्षांच्या. कोणाच्या तरी लग्नात जेवणाच्या रांगेत दोघांची ओळख झाली आणि दोघांचाही उजवाच गुडघा दुखतो हे निघालं. मी त्यांना दोनदा पाहिलं होतं. स्वच्छ पातळ, सोनेरी काडीचा चष्मा, बोलणं बेताचं, आवाज गोड. नाव ठेवायला जागा नव्हती आणि याचाच मला जास्त राग येत होता.

"आईला जाऊन सहाच वर्षं झाली, बाबा."

"सहाच?" बाबा म्हणाले, आणि त्यांनी वस्तरा दुसऱ्या गालाला लावला.

मी त्रेचाळीस वर्षांची, बिनलग्नाची, हिवरा आश्रमाच्या रस्त्यावरच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. घरात आम्ही दोघंच. बाबांच्या गोळ्या, बाबांचं पथ्य, बाबांचे स्वेटर, सगळं माझ्याकडे. केंद्रप्रमुखाची बढती मी 'वडील एकटे आहेत' म्हणून नाकारली होती आणि ती गोष्ट चारचौघांत सांगायची संधी मी सहसा सोडत नसे. अशा माणसाच्या वडिलांनी परस्पर लग्न ठरवावं म्हणजे काय?

पण परस्पर ठरवलं नव्हतं. बाबांनी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना स्पष्ट सांगितलं होतं की लेकीची संमती असेल तरच. पाळकसाहेब मला भेटायला घरी आले. ते नगरकडचे, वयानं माझ्यापेक्षा लहान, सावकाश आणि छापील बोलतात. "ताई, उपवासकाळात आपल्याकडे लग्न लागत नाही," ते म्हणाले. "ईस्टर झाल्यावर लावू. पण त्याआधी तीन रविवारी उपासनेत घोषणा करावी लागते. तेव्हा तुमचं उत्तर मला ईस्टरच्या तीन आठवडे आधी हवं. घाई नाही. प्रार्थना करा. देवाचं मार्गदर्शन मागा. आणि ते जे काही येईल, त्याला मन मोकळं ठेवा."

"ठेवते," मी म्हटलं. नाही म्हणायचं हे माझं ठरलेलंच होतं.

आमचा उपवासकाळ म्हणजे राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत, रविवार सोडून चाळीस दिवस. शाळेतल्या बाकीच्या बायांना या उपवासाला साबुदाणा चालतो की नाही हे अजून कळलेलं नाही. मी त्यांना दर वर्षी समजावून सांगते आणि दर वर्षी त्या मला साबुदाण्याची उसळच आणून देतात. मटण बंद, लग्नकार्य बंद, आणि रोज संध्याकाळी कोणा एकाच्या घरी प्रार्थना. एरवी या घरप्रार्थनेत प्रत्येक जण आळीपाळीनं मोठ्यानं मागतो. माझी प्रार्थना तर मुख्याध्यापकांना लिहिलेल्या अर्जासारखी असते: आधी विषय, मग संदर्भ, आणि शेवटी 'तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.' या वर्षी पाळकसाहेबांनी नवीनच काढलं. मागणं बंद. प्रार्थनेच्या शेवटी पाच मिनिटं नुसतं गप्प बसायचं आणि देवाचं ऐकायचं.

पाच मिनिटं किती लांब असतात हे त्याशिवाय कळत नाही. पहिल्याच घरी, आम्ही डोळे मिटले आणि आत कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली. तिसरी झाली. खोलीतल्या सगळ्या बाया मनात मोजत होत्या, हे मला डोळे मिटूनही दिसत होतं. चौथीला यजमानीणबाईंना राहवेना. डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "गॅस बंद कर वं!" आणि पुन्हा देवाचं ऐकू लागल्या. माझी गत वेगळी नव्हती. शाळेतला पोषण आहाराचा तांदूळ, न आलेली गणवेशांची मापं, आणि मधेच साखरखेर्ड्याच्या बाईंचा तो चष्मा. बाबा मात्र माझ्या शेजारी बसून खरंच ऐकत असल्यासारखे दिसायचे. तेही मला आवडत नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात एका घरी जे वचन वाचलं गेलं, त्यात मला वाट सापडली. शास्त्रात एक माणूस आहे. देवानं त्याला मोठं काम सांगितलं, पण त्याची खात्री पटेना. तो म्हणाला, मी खळ्यात लोकर पसरून ठेवतो. सकाळी लोकर दवानं ओली आणि भोवतालची जमीन कोरडी असली, तर मी मानीन. सकाळी तसंच झालं. त्यानं लोकर पिळली तर वाटीभर पाणी निघालं. तरी त्याचं समाधान होईना. दुसऱ्या रात्री त्यानं उलटं मागितलं, लोकर कोरडी आणि जमीन ओली. तेही झालं. पाळकसाहेबांनी समजावलं की यात त्या माणसाची दुबळी श्रद्धा आहे आणि देवाचा धीर आहे. त्यांचं हे सगळं माझ्या डोक्यावरून गेलं. मी फक्त पद्धत लक्षात ठेवली.

बुलढाणा जिल्ह्यात मार्च महिन्यात दव पडत नाही. हे मी चौथीच्या मुलांना दर वर्षी शिकवते.

त्या संध्याकाळी मी ट्रंकेतली घोंगडी काढली. अस्सल लोकरीची, बाबांनी एका धनगराकडून घेतलेली. ती गच्चीवर मधोमध पसरली, चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या, आणि हात जोडून म्हटलं, "प्रभू, मी अगदी मोकळ्या मनानं विचारते आहे. उद्या सकाळी घोंगडी ओली आणि गच्ची कोरडी असली, तर मी लग्नाला हो म्हणेन." आणि खाली येऊन शांत झोपले. उत्तर ठाऊक असलेल्या परीक्षेच्या आदल्या दिवशी झोप चांगली लागते.

सकाळी सहाला गच्चीवर गेले. गच्ची खडखडीत कोरडी होती. घोंगडीला हात लावला तर ती चिंब होती.

खाली येऊन पातेलं घेऊन गेले आणि घोंगडी पिळली. त्या माणसाचं वाटीभर निघालं होतं, माझं पातेलंभर निघालं. देवाच्या दवाला ब्लीचिंग पावडरचा वास का यावा, असं एकदा मनात आलं, पण भिजलेली लोकर कसलाही वास मारते अशी मी समजूत घातली. खाली बाबा कधी नव्हे ते माझी नजर चुकवत चहा पीत होते.

"बाबा, रात्री दव पडलं होतं का?"

"दव?" बाबांनी कप खाली ठेवला. "मार्चमंधी?" आणि माझ्याकडे टक लावून बघत राहिले.

पुढचे आठ दिवस माझे फार वाईट गेले. घरप्रार्थनेत गप्प बसायची वेळ आली की घाम फुटायचा, न जाणो देव खरंच काहीतरी बोलायचा. पाळकसाहेब समोर आले की मी चपला शोधायला लागायची. शेवटी मला आठवलं की त्या माणसानंही दोनदा विचारलं होतं. म्हणजे फेरपरीक्षेला शास्त्राची परवानगी होती. आज-उद्या करत आठव्या संध्याकाळी मी घोंगडी पुन्हा पसरली. या वेळी उलटं: घोंगडी कोरडी आणि गच्ची ओली असली तर हो.

सकाळी बघितलं तर घोंगडी कोरडी आणि गच्चीही कोरडी. काही म्हणजे काही झालं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी घोंगडीची घडी छातीशी धरली. आता एक हो आणि एक नाही झालं, हे खरं. पण सरकारी नोकरीत सतरा वर्षं काढलेल्या माणसाला हे कोडं पडत नाही. नवा शासन निर्णय निघाला की आधीचा आपोआप रद्द होतो. देवाचं उत्तर नाही होतं.

हे बाबांना कसं सांगायचं याची वाक्यं जुळवत मी खाली आले. पण बाबांनीच सुरुवात केली.

"म्या पाळकसायबाले फोन केला आत्ता. सांगतलं, राहू द्या मनलं लग्नाचं."

"काऊन?"

"तूच पाह्यलं न वरते जाऊन. देवानं नाई मनलं." त्यांनी माझ्यासमोर चहाचा कप सरकवला. "पह्यल्या वख्ताले माह्या हातून चूक झाली व्हती, बाई. त्या दिवशी पहाटं नळ आले. म्या मोटर लावली आन् खाली बायबल वाचत बसलो. टाकी भरून वाह्याले लागली. वरते गेलो तं गच्चीवर तळं! तू कावशीन मनून वायपरनं सारं पानी नालीत ढकललं. घोंगडी पाह्यली, पन मले वाटलं तू ऊन द्याले टाकली असशीन. मंग तू दवाचं इचारलं, तवा माह्या ध्यानात आलं."

मी कप ओट्यावर ठेवला.

"काल सांजच्याले तू पुन्ना घोंगडी घिऊन वरते गेली, तं मले समजलं उलटं मागून राह्यली. आन् आज पहाटं पुन्ना नळ आले." बाबांनी वर बोट दाखवलं. "आपल्या टाकीचं झाकन बरोबर बसत नाई. उलशीक तरी पानी सांडतेच. म्या मोटर लावलीच नाई. देवाच्या मधात मी काऊन पडू?"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. "म्हणजे टाकी?"

"कोल्डी हाये, थेंब नाई," बाबा म्हणाले. "खालचे दोन ड्रम भरले."

आमच्या भागात नळ आठ दिवसांनी येतात. म्हणजे बाबांना हवी ती खूण त्यांच्या बोटाखालच्या बटणावर होती. फक्त गच्ची ओली करायची होती. ते त्यांनी केलं नाही. देवाचं मन आपल्या हातून वळू नये म्हणून त्यांनी घर आठ दिवस तहानलेलं ठेवलं. आणि मी? मी मार्च महिन्यात दव मागत होते. मला शरम वाटली, आणि शरम वाटली म्हणून मी बाबांवरच ओरडले, की आता अंघोळ कशानं करायची, धुण्याचं काय, एवढंही कळत नाही का. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. घोषणा होणार नव्हती, बाई साखरखेर्ड्यालाच राहणार होत्या, बाबा माझेच राहणार होते. तरी जेवण गोड लागेना. रोज अर्ध्या बादलीत अंघोळ करताना मी देवाशी भांडायची. घरप्रार्थनेतल्या त्या पाच मिनिटांत आता माझ्याकडे मागायला काही उरलं नव्हतं. विषय नाही, संदर्भ नाही. एका संध्याकाळी मी पहिल्यांदाच एवढंच म्हटलं, "मला कळत नाही. तूच दाखव." आणि गप्प बसले. काही दिसलं नाही. बाहेर कोणीतरी डीजे लावून हळदीला नाचत होतं.

चौथ्या दिवशी ड्रम तळाला गेले. टँकर सांगितला. टँकरवाला म्हणाला, "दहा ते पाचच्या मधात कवाबी येईन, मॅडम, घरी राहा." बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही आणि टँकरवाले गेटवर थांबत नाहीत, म्हणून मी किरकोळ रजा टाकली आणि आतल्या खोलीत वह्या तपासत बसले. बाबा सकाळी बाजारात गेले होते. ते परत आले ते मी शाळेत गेले असं समजूनच.

बाबा एस.टी.त ड्रायव्हर होते. तीसएक वर्षं त्यांच्या डोक्यावर पाटी होती, 'वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये.' त्यामुळे त्यांना बोलायची सवय नाही, असं मी धरून चालले होते. आतून मला त्यांचा आवाज ऐकू यायला लागला. आधी वाटलं कोणी आलंय. बाबा पेपर मोठ्यानं वाचत होते. प्रत्येक बातमीवर थांबून स्वतःचं मत देत होते. मग आपल्याच मताला विरोध करून, "हाव, तेही खरं हाये," असं कबूल करत होते.

साडेअकराला त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर घेतला. मोबाइल कंपनीच्या बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज होता, कॉलर ट्यून लावायला सांगणारा. "हाव बाई, बोला," बाबा म्हणाले. ती एक दाबा, दोन दाबा म्हणत राहिली. बाबा शेवटपर्यंत ऐकत राहिले आणि म्हणाले, "ट्यून नाई लागत मले. तुमचं जेवन झालं का?" फोन केव्हाच कट झाला होता.

मी तोंडावर हात दाबून हसले. खूप हसले. हसता हसता कधी रडू आलं ते कळलं नाही.

मग शांतता. दुपारी ताट वाढल्याचा आवाज आला, पाच मिनिटांत ताट धुतल्याचा आला. गादी झटकल्याचा, गेटची कडी उघडल्याचा, गेटची कडी लावल्याचा. सव्वादोनला रस्त्यावरून एस.टी. गेली तर "सात मिन्टं लेट," असं ते कोणाला तरी म्हणाले. घड्याळ बघितलं की दहाच मिनिटं गेलेली असायची. मी बारा वह्या तपासल्या, त्यातलं एक अक्षर मला आठवत नाही. तीन वाजता स्वयंपाकघरातून आवाज आला, "च्या मांडू का?" आणि थोड्या वेळानं त्याच आवाजात, "मांडा."

मी उठून गेले. मला बघून बाबा दचकले. चोरी पकडली गेल्यासारखे त्यांचे कान लाल झाले.

"तू घरीच हायेस?"

"टँकर यायचा हाये." मी भिंतीला टेकून उभी राहिले. "बाबा, तुम्ही रोज असंच करता? मी गेल्यावर?"

"मंग काय करू? मानसाचं तोंड हाये. बंद ठेवलं तं जाम होते."

आधण उकळत होतं. मला जे बोलायचं होतं ते इतक्या दिवसांत मी देवालाही सांगितलं नव्हतं. ते आता सरळ बाहेर आलं. "बाबा, आईचं नाव मी उगीच पुढं केलं. त्या बाई चांगल्या हायेत. मलेच भेव वाटलं. तुम्ही दोघं एकमेकांचे होसान, आन् मी घरात एकटी पडीन याचं."

बाबांनी गॅस बारीक केला. मला वाटलं समजूत घालतील, 'असं कसं होईन' म्हणतील. ते माझ्याकडे बघून अगदी साध्या आवाजात म्हणाले, "तुले ज्याचं भेव वाटून राह्यलं न, माय, ते मी सहा वर्षापासून रोज दहा ते पाच करून राह्यलो."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्यांनी वाकून कपाटातून दुसरा कप काढला. मला तिथं उभं राहवेना, बसवेना. शेवटी मी दोन्ही कपांत चहा गाळला.

टँकर साडेचारला आला. टाकी भरेपर्यंत मी गच्चीवर उभी होते आणि तिथूनच पाळकसाहेबांना फोन लावला.

"या रविवारी पहिली घोषणा करा," मी म्हटलं.

"पण काकांनी तर नको म्हणून कळवलं होतं, ताई. तुम्हाला देवाकडून नकार आला म्हणाले."

"तो नकार माझाच होता."

"बरं." त्यांना पुढं विचारावं की नाही कळत नसावं. "मग आता काही वेगळं मार्गदर्शन मिळालं का?"

"मी बाबांना विचारलं."

"काय विचारलं?"

"दिवसभर काय करता ते."

पाळकसाहेबांनी हळूच विचारलं, "सहा वर्षांत पहिल्यांदा?"

"हो," मी म्हटलं.